एकाच घराला दोन पहिले मजले

त्या दोन पितळी पाट्या अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले कित्येक आता एकमेकांत मिसळून गेले. पण नागपूरच्या एका नव्या वस्तीतलं ते घर, त्याच्या खालच्या दारावर 'फर्स्ट फ्लोअर' आणि वरच्या दारावरही 'फर्स्ट फ्लोअर', हे चित्र मिसळत नाही. नावं मी देणार नाही. त्या घरातली माणसं चांगली आहेत आणि आजही तिथेच राहतात.

तेव्हा मी त्या ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका मुलीला आत पाठवलं. सोबत तिचे आईवडील होते. मुलगी विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका अमेरिकन कंपनीत काम करत होती. कंपनी तिला अमेरिकेत पाठवणार होती. पासपोर्ट नवा काढला होता, तो पोस्टाने यायचा होता. पोस्टाच्या संदेशात 'पाकीट पोचवले' असं दिसत होतं आणि घरी पाकीट आलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुंबईला व्हिसाची मुलाखत होती.

"तारीख पुढे ढकलता येत नाही का?" मी विचारलं.

"माझ्यासाठी कोण थांबणार, सर? मी नाही गेले तर माझ्याच टीममधल्या दुसऱ्या मुलीला पाठवतील," ती म्हणाली. "ती तर आत्तापासूनच मला विचारते, मिळाला का गं पासपोर्ट, म्हणून."

तिच्या आईने लगेच पुस्ती जोडली. "साहेब, तुम्ही खालच्या बाईले विचारा. माझी जाऊ आहे. पोरीचं नाव निघालं तेव्हापासून तिच्या पोटात दुखून राहिलं."

"आई, तू गप बस," मुलगी म्हणाली.

मी तक्रार अर्ज घेतला. गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करावी असं ठरवलं, कारण पासपोर्ट चोरीला गेल्याची नोंद एकदा झाली की तो सापडला तरी निरुपयोगी ठरण्याची भीती होती. मुलीचा जीव त्या पाकिटात अडकला होता आणि माझा एक चुकीचा कागद तिची वाट बंद करू शकत होता.

पहिला संशय पोस्टमनवर गेला. तो बदलीवर आलेला होता आणि त्या वस्तीत नवा होता. पासपोर्टचं पाकीट ओळखपत्र पाहून ज्याचं त्याच्या किंवा घरच्यांच्याच हाती द्यायचं असतं. तो शपथेवर सांगत होता, "साहेब, मी जिना चढून वर गेलो, फर्स्ट फ्लोअरवर, पोरीच्या आईच्या हातात दिलं." मुलीची आई म्हणत होती, माझ्या दारी कोणी आलंच नाही. मोबाईलवर बोटाने केलेली सही होती, पण ती सही कमी आणि गोम चालून गेल्यासारखी जास्त दिसत होती. आमचा एक हवालदार म्हणाला, पोस्टमनला जरा बसवून ठेवू. बसवून ठेवलं की माणूस बोलतो हे खरं, पण खरंच बोलतो असं नाही. मी त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक पुरुषी आवाज आला. फोन योगायोगाने मीच उचलला.

"साहेब, ते पाकीट घराच्या बाहेर गेलं नाही जी. बाहेर नका शोधू. त्या पोस्टमनचा पिच्छा सोडा."

"कोण बोलताय?"

"सोडा त्याले," असं म्हणून फोन ठेवला गेला.

खबर देणारा बहुधा काहीतरी मिळवायला फोन करतो. कोणाचा काटा काढायचा असतो, कोणाला बक्षीस हवं असतं. या माणसाने कोणाचंही नाव घेतलं नाही. ज्याला नाव घ्यायचं नाही, त्याला नाव माहीत असतं. मी माझ्या महिला उपनिरीक्षकाला आणि त्या हवालदाराला सोबत घेतलं आणि त्या घरी गेलो.

या उपनिरीक्षकाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ती नागपुरातल्याच चांगल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. हुशार, कामाला वाघ. व्हिसाच्या कार्यालयाशी ती फोनवर इंग्रजीत बोलायची तेव्हा मी समोरची फाईल उगाच उलटसुलट करायचो. माझी शाळा तालुक्याच्या गावची, जिल्हा परिषदेची. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि ज्या गुरुजींनी माझी फी स्वतःच्या शब्दावर थांबवून घेतली त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण कृतज्ञता एका खिशात असली तरी दुसऱ्या खिशात मत्सर राहतोच. तिचं ते झरझर इंग्रजी ऐकून माझ्या छातीत काहीतरी टोचायचं. वरिष्ठ अधिकारी यायचे तेव्हा आधी तिच्याशी बोलायचे. हे मी इथे लिहितो, कारण पुढे मला जे दिसलं ते या टोचण्यामुळेच दिसलं.

दारातच आम्ही थबकलो. खालच्या दारावर चकचकीत नवी पितळी पाटी: फर्स्ट फ्लोअर. मान वर करून पाहिलं तर जिन्याच्या टोकाला जुनी, काळवंडलेली पाटी: फर्स्ट फ्लोअर.

"दोन्ही बरोबर आहेत, सर," उपनिरीक्षक हसत म्हणाली. "इंग्लंडमध्ये जमिनीलगतच्या मजल्याला ग्राउंड म्हणतात आणि त्यावरच्याला फर्स्ट. आपण त्यांचंच उचललं. अमेरिकेत जमिनीलगतचाच फर्स्ट, त्यावरचा सेकंड. दोघेही इंग्रजीच बोलतात, पण मजले वेगळे मोजतात."

मला हे माहीत नव्हतं. मी नुसतीच मान हलवली. मनात मात्र एक विचार आला. आपण मराठीत अशा घराला दुमजली म्हणतो, म्हणजे खालचाही मजला मोजतो, आणि वरच्या मजल्याला पुन्हा पहिलाच म्हणतो. मोजताना ज्याला धरायचं, त्याला नाव देताना वगळायचं.

खाली थोरला भाऊ आणि थोरली जाऊ राहत होती, वर धाकट्या भावाचं कुटुंब. मूळचे मौद्याकडचे. थोरल्याचे गुडघे दुखतात म्हणून घर बांधताना त्यांना खालचा मजला दिला होता. थोरल्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला. थोरल्या बाईंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि आम्ही काही विचारायच्या आत सांगितलं, "मले काही माहीत नाही."

"पाटी नवीन दिसते," मी म्हणालो.

"दिवाळीत लावली."

"वरच्या मजल्यावरही तीच पाटी आहे."

"त्यायची चुकीची आहे," बाई म्हणाल्या. "पोरगीच म्हणाली होती, सर्व्यायसमोर, फराळ करता करता. मोठी आई, आमच्या ऑफिसात जमिनीवरच्या मजल्याले फर्स्ट फ्लोअर म्हणतात, अमेरिकेत तुमचंच घर पहिलं. मंग मी लावली. माझी काय चूक?"

पुढे चौकशीत कळलं, त्या संध्याकाळी बाईंनी लगेच इंग्लंडला मुलाला फोन केला होता. मुलगा बिचारा म्हणाला, आई, इथे तर खालच्याला ग्राउंडच म्हणतात. बाईंनी त्याला सुनावलं, "तू गप राय गा! तुले तिथं राहून काही समजलं नाही." घरादाराला ही गंमत पाठ झाली होती. पण मला त्यातली गंमत आधी दिसली नाही, दुखणंच दिसलं. ज्या देशात स्वतःचा मुलगा, त्या देशाच्या हिशेबाने जावेचं घर पहिलं. आणि स्वतःचं घर पहिलं ठरायचं तर जावेच्या मुलीच्या देशाचा हिशेब उसना घ्यायचा.

आमचा हवालदार पाणी पिता पिता सहज म्हणाला, "म्हणजे तुम्ही तळमजल्यावर राहता आणि..."

"तळमजला नाही म्हणायचं!" बाई इतक्या तडकाफडकी बोलल्या की हवालदाराचा पेला हातातच राहिला. "तळाले काय राहते? तळाले गाळ राहते."

कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या यजमानांनी मान खाली घातली. मग ते एवढंच म्हणाले, "साहेब, चहा घेता का जी?" आवाज मी ओळखला. टेलिफोनवरचा 'जी' आणि हा 'जी' एकाच माणसाचा होता. मी ओळख दाखवली नाही. नवऱ्याने बायकोविरुद्ध खबर दिली हे कळलं असतं, तर त्या घराचे खाली आणि वर असे दोनच तुकडे राहिले नसते, खालच्याचेही दोन झाले असते.

तिथून परतल्यावर मी पोस्टमनला पुन्हा बोलावलं, या वेळी एकट्याला, आणि चहा देऊन बसवलं. "तुला कोणी चोर म्हणत नाही," मी म्हटलं. "फक्त एवढं सांग, जिना चढलास का?"

तो रडायलाच लागला. "नाही साहेब. खालीच पाटी दिसली, फर्स्ट फ्लोअर. बेल वाजवली. जाळीच्या दारातून बाईचा हात आला. नाव वाचून दाखवलं तर म्हणाली, आमचीच पोर आहे. ओळखपत्र पाहिलं नाही मी. हे सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून वर गेलो म्हणालो."

आता चित्र स्पष्ट होतं, पण हातात काही नव्हतं. जो आधी एक बोलला आणि नंतर दुसरं, त्याच्या शब्दाची किंमत काय? बाईंनी तो खोटारडा आहे म्हटलं असतं आणि ते बरोबरही ठरलं असतं. झडती घेता आली असती. पण पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, आणि घाबरून बाईंनी ते पाकीट चुलीत घातलं तर? मुलीची मुलाखत जवळ आली होती. मला पाकीट धड हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक लहानशी गोष्ट घडली. आयुक्तालयातून एक अधिकारी आले, माझ्या टेबलापुढून गेले आणि थेट उपनिरीक्षकाशी इंग्रजीत बोलू लागले. मला छातीतली ती टोचणी पुन्हा जाणवली, आणि एकदम लख्ख झालं. त्या बाईंच्या दारावरून रोज हेच होतं. घरात येणारा प्रत्येक पाहुणा, प्रत्येक पेढ्याचा पुडा, प्रत्येक अभिनंदन त्यांच्या दारासमोरून जातं आणि जिना चढतं. अशा माणसाला धाक दाखवून काही मिळत नाही. त्याला जे हवं आहे तेच समोर ठेवावं लागतं.

दुपारी आम्ही पुन्हा गेलो. जबाब नोंदवायला उपनिरीक्षक बाईंसमोर बसली. काय म्हणायचं तेवढं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने नाव, वय लिहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "राहणार, तळमजला..."

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"पहिला लिहा."

"तुमचा मुलगा राहतो त्या देशात याला ग्राउंड म्हणतात."

"तो राहते तिथं. मी कुठी राहते? अमेरिकेत यालेच पहिला म्हणतात."

"अमेरिकेत तुमचं कोण आहे?"

"कोण म्हणजे?" बाईंचा आवाज चढला. "पुतणी जाऊन राहिली ना माझी! लहानपणी मीच आंघोळ घालत होती तिले."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेलो नाही. अभिमान आणि जळफळाट एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी इतके शेजारी शेजारी मी कधी पाहिले नव्हते.

मी खुर्ची पुढे ओढली. "बाई, नीट ऐका. त्या पाकिटावर पत्ता फर्स्ट फ्लोअर असा होता. मी तुमच्या जबाबात तळमजला लिहिलं, तर त्या पाकिटाशी तुमचा काही संबंध नाही. आम्ही उठतो, जिना चढून वर जातो आणि वरच्यांना विचारतो. पण मी पहिला मजला लिहिलं, तर ते पाकीट तुमच्याच पत्त्यावर आलं असं होतं. मग ते कुठे आहे हे तुम्हालाच सांगावं लागेल. काय लिहू ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तेच लिहितो."

कायद्याच्या दृष्टीने या बोलण्याला काडीचं वजन नव्हतं. कोर्टात कोणत्याही वकिलाने ते हसण्यावारी नेलं असतं. उपनिरीक्षकाने माझ्याकडे पाहिलंही, साहेबांचं हे काय चाललंय अशा नजरेने.

वर कोणीतरी खुर्ची सरकवली, छतातून तो आवाज खाली आला. बाईंनी वर पाहिलं. त्यांच्यासमोर सुटकेचा रस्ता उघडा होता, एक शब्द मान्य करायचा आणि आम्हाला चहा पाजून वाटेला लावायचं. मला वाटतं, त्यांना ते पुरतं कळलं होतं.

"पहिला लिहा," त्या म्हणाल्या.

तळमजल्यावर निर्दोष राहण्यापेक्षा पहिल्या मजल्यावर दोषी होणं त्यांनी पत्करलं.

मग त्या उठल्या आणि आतून एक मोठी बॅग ओढत घेऊन आल्या. चाकांची, चांगली महाग बॅग. मुलाने पाठवलेली. आईला इंग्लंडला नेऊ म्हणून आधी बॅग आली होती. दरवर्षी काहीतरी अडचण निघत गेली आणि बॅग पलंगाखालीच राहिली. बाईंनी ती उघडली. आत लोकरीचा एक स्वेटर होता, घडी न मोडलेला. त्यावर बाईंचा स्वतःचा पासपोर्ट होता. आणि त्याला टेकून ते पाकीट, न फोडलेलं.

"मी चोरलं नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी माणसानं पहिल्यांदा माझं दार पहिलं म्हणून वाजवलं. मले वाटलं, आज संध्याकाळी मीच देईन पोरीच्या हातात. सर्वे खाली येतील, माझ्या घरात, पेढे इथं वाटू. तर ती वरची आधीच बोंबलत खाली आली, तूच नेलं म्हणून. मंग कसं देऊ? दिलं असतं तर चोर झाली असती. नाही दिलं तरी चोरच."

उपनिरीक्षकाने त्यांचा पासपोर्ट हातात घेऊन चाळला. एकाही पानावर शिक्का नव्हता. तिने तो हलकेच मिटून परत ठेवला. इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या मुलीचे डोळे भरून आले होते. तो उरलेला दिवस मला तिचा मत्सर वाटला नाही.

मी मुलीला खाली बोलावलं. तिची आई मागोमाग आली आणि दारातच तोंड सोडणार, तर मुलीने तिला हाताने अडवलं. थोरल्या बाईंनी पाकीट पुढे केलं. मान वर केली नाही.

"मोठी आई," मुलगी म्हणाली, "पेढे आणले का?"

"नाही वं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग काय उपयोग? साखर तरी दे."

बाईंनी साखरेचा डबा आणला आणि मुलीच्या हातावर चिमूटभर साखर ठेवताना त्यांना रडू कोसळलं. यजमान कोपऱ्यातून उठले आणि माझ्यापाशी येऊन नुसते उभे राहिले. मी त्यांना काही विचारलं नाही. मुलीने तक्रार अर्ज मागे घेतला. 'पाकीट घरीच मिळून आले, तक्रार नाही' असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. पोस्टमनबद्दल त्याच्या खात्याने विचारलं तेव्हा, पाकीट त्याच घरातल्या नातेवाइकाला दिलं होतं, एवढं मी कळवलं. मुलीला व्हिसा मिळाला आणि ती गेली.

हे प्रकरण इथे संपलं असतं तर मी त्याला आठवण म्हटलं असतं, धडा म्हटलं नसतं.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी धाकटी जाऊ ठाण्यात आली, रागाने लाल होऊन. "साहेब, माझ्या दाराची पाटी चोरीले गेली. आता फक्त खालचीच पाटी राहिली. येणारा-जाणारा तिलेच फर्स्ट फ्लोअर म्हणून राहिला. हे काम त्या खालचीचंच आहे. लिहा तक्रार."

पाटी कुठे आहे हे मला ठाऊक होतं. मुलीने अमेरिकेतून उपनिरीक्षकाला फोटो पाठवला होता. तिथे तिला राहायला मिळालेली खोली जमिनीलगत होती, आणि तिच्या दारावर ती काळवंडलेली जुनी पाटी लावलेली होती. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'इथे ती बरोबर आहे. घरी एकच पुरे.' आणि आईला इतक्यात सांगू नका, असंही.

मी धाकट्या बाईंकडे पाहिलं. मुलगी परदेशात पोचली होती, घर हिचं, मान हिचा, तरी ही बाई एका पाटीसाठी दुपारच्या उन्हात ठाण्यापर्यंत आली होती. खालचं दुखणं जिना चढून वर आलं होतं. मत्सर संपत नाही, फक्त मजला बदलतो, हे मला त्या क्षणी उमगलं. माझाही संपला नव्हता. बाहेर उपनिरीक्षक कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती आणि मी कान देऊन ऐकत होतो. पण आता मला त्या टोचणीचं नाव माहीत होतं, आणि नाव माहीत असलेला इसम पोलिसाला तितका त्रास देत नाही.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर, हे मी आयुष्यभर छाती फुगवून सांगत आलो. माझ्या आधी शेण काढणारे आणि वीट भाजणारे हात होते. त्या हातांना कोणी कोणत्या मजल्यावर मोजलं, असं मी आता स्वतःला विचारतो. पाया धरला तर ते पहिले, नाही धरला तर मी.

मी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "चला, तक्रार लिहू. पाटी कुठून गेली? घटनास्थळ काय लिहू, पहिला मजला की दुसरा?"

धाकट्या बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. खिडकीबाहेर पाहिलं. पदराने कपाळ पुसलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या थोडं हसल्या.

"वर लिहा," त्या म्हणाल्या. "नुसतं वर."